पंपघराच्या भिंतीवरची पट्टी

४ मार्च, बुधवार

ढब्या,

पत्र फाडणार असशील तर जरा थांब, हे पाण्याबद्दल आहे. वाचून झाल्यावर खुशाल फाड.

सहा वर्षांनी लिहितेय. कसा आहेस वगैरे विचारत नाही. विचारलं तर तू उत्तर देणार नाहीस, मग मला राग येईल, आणि रागात मी काय काय लिहिते ते तुला माहीत आहे. तेव्हा मुद्द्याचं. लढाई थांबून रेषा आखली गेली, त्यानंतर पहिल्यांदाच वरच्या आणि खालच्या भागाचं मिळून पाण्याचं नियोजन करायचं ठरलंय. बंधारा तुमच्याकडे, शहराचे नळ आमच्याकडे, आणि नदीला यातलं काहीच माहीत नाही. तुमच्या खात्याला आम्ही तीनदा लिहिलं की बंधाऱ्यावरच्या रोजच्या पातळ्या पाठवा. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'विषय विचाराधीन आहे'. विचार करणारा माणूस कोण ते मला ठाऊक आहे. त्या बंधाऱ्यावर तूच बसतोस.

बाहेरून एक सल्लागार बाई आल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं, की पाऊस किती पडेल माहीत नाही, लढाई पुन्हा पेटेल की नाही तेही माहीत नाही, मग एकच आराखडा करून त्याला चिकटून बसू नका. चार करा. पाणी कमी आणि शांतता, पाणी कमी आणि लढाई, पाणी जास्त आणि शांतता, पाणी जास्त आणि लढाई. नदी अमुक खुणेच्या खाली गेली की या आराखड्यातून त्या आराखड्यात जायचं. चारी तक्ते माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावलेत. शिपाई त्यांना 'चार जावा' म्हणतो. एकीचं दुसरीशी पटत नाही, आणि घर तर चालवायचंय.

सगळ्या खुणा पातळीवर आहेत, म्हणून तुझे आकडे हवेत. चौदा एप्रिलला दोन्ही बाजूंची बैठक आहे. त्यात जमलं नाही तर उन्हाळ्यात पुन्हा तुम्ही आम्हाला शिव्या घालणार आणि आम्ही तुम्हाला, आणि या खेपेला नुसत्या शिव्यांवर भागेल असं वाटत नाही. नाक्यावर वाळूची पोती पुन्हा रचायला लागलेत.

पत्र मिस्त्रींच्या हातून पाठवतेय. दर गुरुवारी ते बंधाऱ्याची दारं बघायला वर येतात, तेवढा एकच माणूस दोन्हीकडचे पहारेकरी सोडतात. कारण ती जुनी दारं दुसऱ्या कोणाचंच ऐकत नाहीत. नट आवळायचे पाने आणि ग्रीसचा डबा यांच्याखाली पत्र असेल, डाग पडले तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस.

आई गेली तेव्हा तू आला नाहीस, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते वेगळं.

ताई


१२ मार्च

ढब्या,

सख्ख्या बहिणीने दोन पानं लिहावीत आणि भावाने उत्तर म्हणून चिटोऱ्यावर एक आकडा पाठवावा! ना वर काही, ना खाली. 'ताई' लिहायला शाई लागते का?

मिस्त्रींना विचारलं, काही बोलला का? ते म्हणाले, "साहेब बोलले नाहीत. वाचलं, आत गेले, पातळी बघून आले, लिहून दिलं." मी म्हटलं, "चेहरा कसा होता?" तर म्हणतात, "मी दारांचे नट बघत होतो, ताई." या माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नसतं, म्हणूनच दोन्हीकडे चालतो.

असो. आकडा कामाचा आहे. बंधाऱ्यावर अमुक इतकी पातळी असली की इथे पंपघराशी किती पाणी दिसायला हवं, त्याचं कोष्टक माझ्याकडे अजून आहे. आपणच केलेलं. तू कंबरभर पाण्यात उभा होतास, मी काठावरून ओरडत होते, आणि तुझा एक बूट वाहून गेला होता. मग दिवसभर तू एका बुटावर फिरलास आणि दुसरा पाय मोजा घालून. कागदावर तुझं अक्षर आहे, सातचा आकडा अजून एकसारखाच काढतोस.

दर गुरुवारी एक आकडा पाठव. बाकी काही नको. मला तरी कुठे काही हवंय.

ताई


१९ मार्च

ढब्या,

दोन आठवड्यांचे तुझे दोन आकडे झाले. कोष्टकात घालून बघितले. पहिल्या गुरुवारी इथे एक मीटर त्र्याऐंशी पाणी असायला हवं होतं, पंपघराच्या मोजपट्टीवर होतं एक एक्केचाळीस. दुसऱ्या गुरुवारी हवं होतं एक एकोणऐंशी, पट्टीवर एक सदतीस. म्हणजे मधल्या मधे पाणी गायब होतंय.

मी सहा वर्षांपूर्वी अहवालात तेच लिहिलं होतं. खालच्या भागाला ठरल्याप्रमाणे पाणी सोडलं जात नाही, आणि दारांवर अमुक माणूस आहे. तेव्हा तू निरोप धाडलास की मी डोळ्यांवर पट्टी बांधून लिहिलंय. मग आता हे काय? नियोजनाची बोलणी चालू असताना, माझ्याच हातात खरा आकडा देऊन, खाली कमी पाणी सोडायचं? मला वेडी समजतोस?

अकरा दिवस शहराचे नळ कोरडे होते, ढब्या. पाणी एक मीटर दहाच्या खाली गेलं की पंप बंद करायचे हा नियम आहे, नाहीतर पंप गाळ ओढतात आणि जळतात. मी स्वतः बंद करायला लावले. दवाखान्यात बादल्या मोजून देत होते. आई आजारी अंगाने जिन्यातून कळशी वर आणत होती, मला न सांगता. त्या अकरा दिवसांचं तुला काहीच वाटत नाही ना? वाटत असतं तर हे पुन्हा केलं नसतंस.

ताई


२५ मार्च, बुधवार

ढब्या,

मागच्या पत्रातला शेवटचा भाग वाचू नकोस. वाचलाच असशील.

वर तीन दिवस पाऊस झाला ना? इथे नुसते ढग होते, पण नदी गढूळ झाली आणि चढली. मिस्त्रींनी आणलेला तुझा आकडा कोष्टकात घातला. दोन मीटर छत्तीस हवं. मी स्वतः पट्टी वाचायला गेले, एक चौऱ्याण्णव.

एक विचारायचं होतं, सहजच. जुन्या हापिसाची वाटणी झाली तेव्हा लाल शाईने दुरुस्त्या केलेली, उंचीच्या खुणांच्या दगडांची वही कोणाकडे गेली? तुझ्याकडे का? काही विशेष नाही. इकडे जुनी निळी वही आहे, दुसरी सापडत नाही, म्हणून.

पंपवाले काका तुझी आठवण काढत होते. रिटायर व्हायला चार महिने आहेत, तरी रोज सकाळी पंपघरातल्या विहिरीच्या कठड्यावर वाकून पाणी बघतात. त्यांचा यंत्रापेक्षा डोळ्यांवर विश्वास. मी त्यांना पुष्कळदा बोलले आहे त्यावरून.

काम फार आहे. झोप नीट लागत नाही, पण ते वयाने असेल.

ताई


२७ मार्च, शुक्रवार

मिस्त्री काल येऊन गेले, पुढचे सहा दिवस हे पत्र कुठेच जाणार नाही. तरी लिहितेय. लिहिलं नाही तर मी हापिसात कोणावर तरी ओरडेन.

तिन्ही वेळा बेचाळीस.

पाणी कमी होतं तेव्हा बेचाळीस, आणखी कमी झालं तेव्हा बेचाळीस, चढलं तेव्हाही बेचाळीस. पाणी अडवणारा माणूस असं मोजून अडवत नाही. कोणी अडवत असतं तर फरक कमीजास्त झाला असता. फरक हलतच नाही, म्हणजे पाणी जागेवर आहे आणि पट्टी चुकलीय. पहिल्या वर्षाच्या मुलाला कळेल एवढं हे सोपं आहे, आणि मी दुसऱ्या आकड्यावर तुला पानभर झापलं.

आज सुट्टी होती. मी आणि पंपवाले काका लेव्हलचं यंत्र घेऊन निघालो. स्टेशनच्या फलाटावर रेल्वेची खूण आहे, तिची उंची पक्की आहे, तिच्याशी आपल्या खात्याचा काही संबंध नाही. तिथपासून पंपघरापर्यंत टप्प्याटप्प्याने उंची आणली. काका पुढे मोजकाठी धरून, मी मागे दुर्बिणीला डोळा लावून, भर दुपारी दीड किलोमीटर. रस्त्यात दोनदा लोकांनी विचारलं, काय हो, पुन्हा लढाई का? आमच्या हातात काही दिसलं की लोकांना तेवढंच सुचतं.

पट्टी बेचाळीस सेंटीमीटर वर बसली आहे. त्यामुळे पाणी आहे त्याहून बेचाळीस कमी दिसतं. सहा वर्षं दिसतंय.

ती मीच बसवली होती. पुलाचा खांब उडाला आणि जुनी पट्टी गेली, तेव्हा दोन तासांची गोळीबारबंदी मिळाली होती. पंपघराच्या भिंतीवर नवी पट्टी लावायची, आणि तिचा शून्य कुठे ठेवायचा ते शाळेच्या पायरीजवळच्या खुणेच्या दगडावरून ठरवायचं. दगडाची उंची मी निळ्या वहीतून घेतली. आपण दोघांनी ते दगड पुन्हा तपासले होते, त्यात काही चुकीचे निघाले होते आणि तू लाल शाईने ते दुसऱ्या वहीत दुरुस्त केले होतेस, हे मला आठवत होतं. ढब्या, मला ते आठवत होतं. शाळेचा दगड त्यातला होता का, एवढंच आठवत नव्हतं.

फोन चालू होते तेव्हा. एका मिनिटाचं काम होतं. 'शाळेचा दगड किती रे?' म्हणायचं आणि ठेवून द्यायचा.

पण आदल्या रविवारी आपलं भांडण झालं होतं. तू वर राहायचं म्हणालास, बायकोचं माहेर वर, बंधारा वर, तिथे माणूस नको का. मी तुला घरजावई म्हणाले. तू म्हणालास, तू खुर्चीशी लग्न लावलंयस. मग मी अबोला धरला. पट्टीच्या त्या दोन तासांत अबोल्याचा चौथा दिवस होता, आणि मी ठरवलं होतं की आधी तू फोन करायचास. पाचवीतल्या मुलीसारखी बसले. निळ्या वहीतला आकडा घेतला आणि खिळे ठोकायला सांगितले.

अकरा दिवसांत काका दोनदा माझ्या टेबलाशी आले होते. "ताई, विहिरीत पाणी दिसतंय मला. पंप चालतील." मी म्हणाले, "पट्टी खोटं बोलते का काका?" हे त्यांनी आज काढलं नाही. मोजकाठी पुसून ठेवली आणि म्हणाले, "उन्हाने डोकं दुखत असेल, घरी जा."

पाणी होतं. अकरा दिवस ते विहिरीत होतं.


१ एप्रिल, बुधवार

ढब्या,

इकडे सगळं ठीक. पट्टी थोडी हलली आहे असं लक्षात आलं, भिंतीला ओल धरली की असं होतं. रविवारी देखभालीचं काम काढलंय, त्यात नीट करून घेऊ. मग तुझे आकडे आणि आमचे जुळतील असं वाटतं.

आमच्या साहेबांशी बोलले. त्यांचंही तेच मत पडलं. बैठकीच्या तयारीत सगळे बुडालेत, सल्लागार बाईंनी पाचवा तक्ता काढायला घेतला होता, साहेब म्हणाले आता भिंत संपली. आकडा पाठवशीलच.

ताई


८ एप्रिल, बुधवार

ढब्या,

रविवारी पट्टी नीट झाली. आता तुझा आणि माझा आकडा सेंटीमीटरला जुळतो. पुराचा भोंगा साडेचार मीटरला वाजवायचा असतो, काठावरच्या वस्तीची पहिली पायरी चार सत्तरला आहे. जुन्या पट्टीने भोंगा वाजला असता तेव्हा घरांत वीतभर पाणी शिरलेलं असतं. तेवढं तरी टळलं. वरती ढग आहेत म्हणे. वेधशाळा रोज वेगळं सांगते, आज म्हणते साधारण, उद्या म्हणेल अति. सल्लागार बाई म्हणतात, म्हणूनच खुणा बरोबर हव्यात. आता आहेत.

तुझे आभार.

ताई


१० एप्रिल, शुक्रवार

काल मिस्त्री रिकाम्या हाताने आले. चिटोरा नाही, काही नाही.

मी विचारलं, "दिलंत ना पत्र?" म्हणाले, "दिलं." "मग?" "वाचलं. मागची बाजू पण बघितली. मला विचारलं, एवढंच?" मी म्हटलं, "अजून काय म्हणाला?" मिस्त्री म्हणाले, "तेवढंच म्हणाले, ताई. एवढंच? मग दारं बघायला माझ्याबरोबर आले, पण तिकडेही बोलले नाहीत."

तुला सगळं माहीत होतं. लाल शाईची वही तुझ्याकडे आहे, अहवाल निघाला त्याच आठवड्यात तू ती उघडली असशील. तू एकेक आकडा पाठवत राहिलास, की ही स्वतः काढेल. आणि मी काढलं, आणि ओल धरली म्हणून लिहिलं.

साहेबांनी काय सांगितलं ते तुला कळायला हवं. मी त्यांच्यापुढे फलाटापासूनचे सगळे कागद ठेवले. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, पट्टी काय, देखभालीत इकडची तिकडे होते. बेचाळीस खाली घ्या, पूर आला तर वस्ती वाचेल, उन्हाळ्यात पंप चालतील. कोणाचं नुकसान नाही. अहवाल कशाला उकरता? सहा वर्षं आपण त्यांना पाणीचोर म्हणतोय. आता बैठकीत जाऊन कोणत्या तोंडाने बसायचं?"

मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. खरंच कोणाचं नुकसान दिसेना. घरी येऊन हातपाय धुतले, चहा ठेवला, आणि तेव्हा लक्षात आलं की एका माणसाचं होतंय. तो अजून यादीत आहे.

यादीबद्दल मी तुला कधी बोलले नाही. माझ्या अहवालाच्या आधारावर नाक्यावर एक यादी लागली, 'पाणी अडवण्यास जबाबदार'. त्यात पहिलं नाव तुझं. आईचं शेवटचं दुखणं त्यानंतर दोन महिन्यांनी. तू सकाळी नाक्यावर आलास हे मला त्याच सकाळी कळलं होतं. तिथल्या कारकुनाने हापिसात फोन केला. म्हणाला, "तुमचे बंधू आलेत, आई सीरियस आहे म्हणतात. यादीत नाव आहे. पण अहवाल तुमचाच आहे ना, तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात तर सोडतो."

मी म्हणाले, "नियमाप्रमाणे करा."

माझा राग होता, ढब्या. पंप बंद होते ते अकरा दिवस माझ्या डोक्यात होते, जिन्यातली कळशी डोक्यात होती, मला वाटत होतं हे सगळं तू केलंयस आणि आता आईजवळ येऊन बसणार. तुला नाक्यावर चार तास उभं केलं असं नंतर कळलं. मग तू परत गेलास. आणि चार मार्चला मी तुला लिहिलं, आई गेली तेव्हा तू आला नाहीस.

काल तिसऱ्यांदा पंपघरावर जाऊन आले. पट्टी आता बरोबर आहे. मग मला तिथून हलवेना का, ते सांगता येत नाही. काका म्हणाले, "ताई, आज फार येरझारा चालल्यात." बसा म्हणाले. बसले नाही.

चौदाला बैठक आहे. काय करणार ते इथे लिहीत नाही. लिहिलं आणि केलं नाही, असं पुन्हा व्हायला नको.


१५ एप्रिल, बुधवार

ढब्या,

याच्याबरोबर आधीची दोन पत्रं आहेत, सत्तावीस मार्चचं आणि दहा एप्रिलचं. ती पाठवली नव्हती. ती आधी वाच, हे नंतर.

बैठक रेषेवरच्या जुन्या गोदामात झाली. लांबलचक टेबल, अर्धं तुमच्याकडे अर्धं आमच्याकडे, आणि दोन्हीकडे आपापली पाण्याची बाटली आणलेली. एवढी माणसं पाण्यावर बोलायला जमली आणि दुसऱ्याचं पाणी प्यायला कोणी तयार नाही. तू येशील असं मला वाटलं होतं. तुमच्याकडून टक्कलवाले मुख्य अभियंता आले, मागे तीन जण, त्यात तू नव्हतास. रेषेवरच्या बैठकीलाही यादीतला माणूस येऊ शकत नाही, हे मला तिथे बसल्यावर सुचलं.

पहिल्या मुद्द्याआधीच मी उठले. साहेबांनी माझ्या बाहीला हात लावला, मी तो काढला. मी म्हणाले, "सहा वर्षांपूर्वीची पट्टी मी चुकीची बसवली. बेचाळीस सेंटीमीटर. वरच्यांनी पाणी अडवलं नव्हतं. अकरा दिवस शहराचे नळ कोरडे होते ते माझ्यामुळे. दारांवरच्या माणसाने ठरलेलं सगळं पाणी सोडलं होतं." हे मी घरी आरशासमोर बोलून बघितलं होतं, तरी मधे आवाज गेला आणि एक वाक्य दोनदा म्हणाले.

तुमचे मुख्य अभियंता म्हणाले, "बाई, हे लेखी द्याल?" मी दोन प्रती करून नेल्या होत्या. एक त्यांना सरकवली, एक साहेबांना. साहेबांनी त्यांची उलटी करून ठेवली.

आमच्याकडची बाकीची माणसं माझ्याशी बोलली नाहीत. दवाखान्याच्या बाई होत्या, त्यांनी त्या अकरा दिवसांत बादल्या वाटल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच गेल्या. पंपवाले काका 'मी तेव्हाच सांगितलं होतं' म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. तेही म्हणाले नाहीत.

पण काम झालं. पातळीवर वाद उरला नाही म्हटल्यावर तक्ते भराभर पुढे गेले. उन्हाळ्यात दारं किती उघडायची, कोणत्या खुणेला पंप निम्मे करायचे, भोंगा कधी वाजवायचा, आणि लढाई पेटली तरी मिस्त्रींना दोन्हीकडून सोडायचं. एका वर्षापुरती सही झाली. एक वर्ष म्हणजे फार नाही, पण त्याच्या पुढचं तसंही कोणालाच दिसत नाही. सल्लागार बाई परतताना मला म्हणाल्या, आराखड्यात मी सगळं धरलं होतं, नियोजन करणारी माणसंच चुकीची असतील हे धरलं नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच थांबलं.

आज मला कामावरून दूर केलं. चौकशी होईल. टेबल रिकामं करून आले. चारी जावा भिंतीवर ठेवून आले, त्यांना आता दुसरं कोणी सांभाळेल.

मग नाक्यावर गेले. तोच कारकून, केस पांढरे झालेत. अहवाल चुकीचा होता असं त्याला लेखी दिलं आणि समोर उभी राहून यादीतलं तुझं नाव खोडून घेतलं, सही-शिक्क्यानिशी. त्याने मला ओळखलं. तू आता कधीही खाली येऊ शकतोस. मी ये म्हणत नाही. तो अधिकार मला आहे असं मला वाटत नाही.

अजून एक राहिलं. बैठकीत सांगायचं नव्हतं ते, आणि तुझ्या कोणत्याच वहीत सापडणार नाही असं. मी सांगितलं नाही तर तुला कधीच कळणार नाही, म्हणून या पत्रात लिहितेय. संध्याकाळपासून तीन कागद फाडले.

कारकुनाचा फोन ठेवून मी त्या दिवशी घरी गेले तेव्हा आई शुद्धीवर होती. उशीला टेकून बसली होती, वेणी घालून घेतली होती शेजारणीकडून. मला म्हणाली, "ढब्या निघाला का गं?" दोन दिवस ती तेच विचारत होती. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की दाराकडे बघायची. तू नाक्यावर उभा होतास तेव्हा. चार तासांतला दुसरा का तिसरा तास असेल.

मी म्हणाले, "आई, त्याला यायचं नाहीये."

ती म्हणाली, "असू दे. तू त्याच्यावर रागवू नकोस. त्याचं काही असेल." आणि उशी खाली करायला सांगितली.

त्यानंतर ती दोन दिवस होती. पाणी मागितलं, खिडकी लावायला सांगितली, माझ्या जेवणाचं विचारलं. तुझं नाव घेतलं नाही. जिन्यात पावलं वाजली तरी तिने दाराकडे बघितलं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तुझी वाट बघत गेली असती तरी चाललं असतं, ढब्या. ती वाट बघायची थांबून गेली, आणि ते मी केलं.

ताई